हेडफोन बदलला की गाणं का बदलतं?

प्रश्न : किशोरी आमोणकरांचा भूप एका हेडफोनवर भरदार वाटतो, दुसऱ्यावर पातळ. बिघाड कशात? – एक वाचक, कोन (पनवेल)

उत्तर : बहुधा कशातच नाही. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झ ऐकू येतं. या पट्ट्याचा कुठला भाग किती उचलायचा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. बेस फुगवला की डग्ग्याचा घुमारा वाढतो, पण तो गायिकेच्या आवाजावरही चढून बसतो. मधला पट्टा दबला तर स्वर मागे सरतो. वरचा चढवला की तानपुऱ्याची जवारी लखलखते; ‘स’ आणि ‘श’ मात्र कानाला टोचतात.

दुसरा फरक रचनेचा. सेनहायझरने १९६८ साली ‘एचडी ४१४’ हा मागून उघडा हेडफोन आणला. उघड्या प्रकारात आवाज भोवती पसरल्यासारखा येतो, पण बाहेरचा गोंगाटही आत शिरतो. महामार्गालगत ट्रकांची घरघर नेमका बेसच गिळते. तिथे बंद प्रकार बरा.

गादी कानावर नीट टेकली नाही तरी बेस गळतो. चष्म्याची काडीही त्याला पुरते!

खरेदीआधी दोन्ही हेडफोन सारख्याच आवाजात ऐकावेत; किंचित मोठा वाजणारा उगाचच सरस भासतो.