आधी निवडणूक आहे का, ते बघा

कॉलेजच्या निवडणुकीला उभं राहायचंय म्हणून कुणी सल्ला मागायला आलं की माझा पहिला प्रश्न असतो, 'निवडणूक आहे का?' पोरं हसतात. त्यांना वाटतं, ताई फिरकी घेतेय. 2019 मध्ये मी जी निवडणूक लढवली ती झालीच नाही, आणि तरीही तिच्यात मला पाडलं गेलं. त्यामुळे हा प्रश्न मी अगदी गंभीरपणे विचारते.

मागचं थोडक्यात सांगते, कारण आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईच्या कॉलेजांत एकेकाळी खऱ्या निवडणुका व्हायच्या, पैसा आणि गुंडगिरीसकट. 1989 मध्ये ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि पुढे 1994च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदानावरच पडदा टाकला. वर्गात ज्याला जास्त मार्क तो सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, आणि सगळे सीआर मिळून जीएस, म्हणजे सरचिटणीस, निवडणार. 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक परत आणली. प्रत्येक विद्यार्थ्याला मत. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा एक प्रतिनिधी आणि वर्गावर्गाचा सीआर. या कायद्यानुसार पहिलं मतदान 2019च्या ऑगस्टअखेर होणार होतं. पंचवीस वर्षांनी निवडणुका, असे मथळे सगळीकडे. मी टीवायला होते.

मला उभं राहायची हौस वगैरे नव्हती. आम्ही एफवायला आलो तेव्हा, 2017 मध्ये, विद्यापीठाच्या ऑनलाइन पेपर तपासणीचा बोजवारा उडाला होता. सीनियर मुलांचे निकाल महिनोन्‌महिने रखडले. कुणाचं पुढचं अ‍ॅडमिशन गेलं, कुणाला लागलेली नोकरी गेली. शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं, तोवर ज्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. या सगळ्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने अधिकाराने बोलणारा निवडून आलेला माणूस कुठेच नव्हता. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून मला अध्यक्षपद हवं होतं. फक्त अध्यक्षपद.

आता दादांबद्दल. दादा म्हणजे एका विद्यार्थी संघटनेचे पदाधिकारी. संघटनेचं नाव घेत नाही, घेतलं तर उरलेल्या संघटनांना उगाच आनंद होईल. वय असं की विद्यार्थी संघटनेत हे काय करतात, हा प्रश्न पडावा. मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर, एका चहावाल्याकडे त्यांची बैठक असायची. मी अध्यक्षपदाचं बोलले तेव्हा पहिलं वाक्य काय आलं? 'ताई, तू महिला प्रतिनिधीला फॉर्म भर ना, सीट सेफ आहे.' मी नाही म्हटलं. मग म्हणाले, 'बरं, बघू.' या 'बघू'मध्ये काय काय असतं, ते पुढे कळलं. सचिवपदासाठी त्यांनी त्यांचा एक मुलगा माझ्यासोबत दिला. कागदोपत्री पॅनेल वगैरे काही नसतं, पण सगळे त्याला पॅनेलच म्हणतात. मुलगा गोड होता. माझी बॅग धरायचा, मला मॅडम म्हणायचा.

इथे कामाची गोष्ट सांगून टाकते. लिंगडोह समितीचे नियम मुळातून वाचा, कुणाच्या तोंडून ऐकू नका. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची ही समिती. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तिच्या शिफारशी लागू केल्या. 75 टक्के हजेरी लागते. त्या वर्षी विषय राहिलेला चालत नाही, म्हणजे एटीकेटी असेल तर विषय संपला. एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा 5,000 रुपये. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा. छापील पोस्टर चालत नाही, हाताने रंगवलेलंच हवं. पदाधिकारीपदाची निवडणूक लढवायची संधी एकदाच मिळते. यातली हजेरीची अट सगळे हसण्यावारी नेतात आणि तिथेच अडकतात. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी ऑफिसातला क्लार्क म्हणतो, 'मस्टर अजून अपडेट नाही.' म्हणून निवडणुकीची कुजबुज सुरू होताच हजेरीचं पत्र शिक्का मारून घ्या. माझ्याकडे ते होतं. माझ्याकडे सगळंच होतं.

पोस्टर आम्ही आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला रंगवली. कार्डशीट, पोस्टर कलर, मधेच येणारी पावसाची सर, आणि 'गच्ची रंगवली तर मेंटेनन्सला लावीन' म्हणून दम देणारे सेक्रेटरी काका. मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषांत लिहिली, कारण मीरा रोडला एका भाषेत प्रचार करणारा अर्ध्या वर्गाला तरी परका वाटतो. हे मात्र कुणीही करावं असं आहे. वर्गात जाऊन बोलताना ज्या बाकाची जी भाषा, तिच्यात दोन वाक्यं बोला. आणि आश्वासन लहान द्या. मी फक्त रेल्वे कन्सेशनच्या खिडकीची वेळ वाढवून घेईन म्हटलं होतं. भाईंदर-विरारकडून येणाऱ्या पोरांना त्याची किंमत बरोबर कळते.

मग दादांच्या साहेबांचा वाढदिवस आला. सकाळी रिक्षासाठी नाक्यावर आले तर समोर भलामोठा फ्लेक्स. मधे साहेब, त्यांच्या खाली दादा, आणि तळाला शुभेच्छुकांच्या रांगेत माझा फोटो! व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरून उचललेला. नावापुढे 'भावी अध्यक्षा'. मला कुणी विचारलं नव्हतं. दादांना फोन लावला तर हसून म्हणाले, 'फुकटची पब्लिसिटी मिळाली, ताई.'

फुकटची! दुपारपर्यंत विरोधी उमेदवाराने त्या फ्लेक्सचा फोटो काढून कॉलेजात तक्रार दिली होती. छापील आहे, राजकीय पक्षाचा आहे, आणि त्याचा खर्च माझ्या पाच हजारांत धरा. कायद्याच्या भाषेत त्याचं काहीच चुकलं नव्हतं, हे आणखी झोंबणारं. मला ऑफिसात बोलावलं. मी लेखी दिलं की हा फ्लेक्स माझ्या संमतीने लागलेला नाही आणि मी तो उतरवायला सांगते आहे. दादांना तसा मेसेज पाठवला, त्याला दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. फ्लेक्स उतरला नाही.

तर हे लिहून ठेवा. तुमचा फोटो कुणी लावला तर त्याच दिवशी, तोंडी नव्हे, लेखी हरकत घ्या आणि पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. लिंगडोहच्या नियमांत प्रत्येक कॉलेजात निवडणुकीसाठी तक्रार निवारण कक्ष असायला हवा असं आहे. तो कुठे आहे हे विचारलं की स्टाफ एकमेकांकडे बघतो. तरी विचाराच. खर्चाची बिलं स्वतःच्या नावाने ठेवा. संघटनेची मदत घ्यायचीच असेल तर माणसं घ्या, वस्तू घेऊ नका.

त्या तक्रारीचा निकाल लागायच्या आतच राज्य सरकारने निवडणुकाच पुढे ढकलल्या. कारण दिलं विधानसभेचं. आता तारखा बघा. विधानसभेची आचारसंहिता लागली 21 सप्टेंबरला, मतदान झालं 21 ऑक्टोबरला. आमचं मतदान ऑगस्टच्या शेवटी होतं. मधल्या काळात कोणतं आभाळ कोसळणार होतं, ते आजवर मला कुणी पटवून दिलेलं नाही. माझा तर्क साधा आहे. विधानसभेच्या तोंडावर शेकडो कॉलेजांतले निकाल पक्षांच्या नावावर मोजले गेले असते, आणि ते आकडे कुणालाच नको होते. विधानसभेनंतर घेऊ म्हणाले. मग 2020 उजाडलं, कोविड आला, आणि ती निवडणूक आजतागायत कुठेतरी पुढेच आहे.

दादांचा फोन त्यानंतर लागलाच नाही. आधी एंगेज, मग 'मीटिंगमध्ये', मग नुसताच वाजणारा. एवढं मी समजू शकते. शेत पिकणार नाही असं दिसलं की राखणदार मचाण सोडणारच. पण खरा प्रकार पुढे आहे.

निवडणूक नाही म्हटल्यावर कॉलेजने आपल्या पातळीवर एक विद्यार्थी समिती नेमायचं ठरवलं. नियम काय, निवड कोण करणार, काही जाहीर नाही. एका शनिवारी सचिवपदाचा तो गोड मुलगा मला त्याच चहावाल्याकडे भेटला. बराच वेळ बसला. म्हणाला, 'मॅडम, नेमणुकीच्या समितीत आपण कुणीच जायचं नाही. निवडणूक घ्या म्हणून आपण निवेदन देऊ.' निवेदनाचा मसुदा मी तिथेच लिहिला. त्याने वाचला, 'शासनास' हा शब्द खोडून 'मा. शासनास' केला आणि सही केली.

सोमवारी काचेच्या नोटीस बोर्डात यादी लागली. विद्यार्थी समिती अध्यक्ष, त्याचं नाव. मी ते दोनदा वाचलं. मग खाली नजर गेली. सहीखाली हाताने लिहिलेली तारीख होती, निळ्या शाईत. शुक्रवारची. म्हणजे शनिवारी माझ्यासमोर बसून निवेदनावर सही करणारा मुलगा एक दिवस आधीच अध्यक्ष झालेला होता. आणि यादीत महिला प्रतिनिधी म्हणून कुणाचं नाव होतं? माझं. न विचारता. दादांचं ते 'बघू'.

मी तिथूनच ऑफिसात गेले आणि नाव काढून टाकायचं पत्र दिलं. सर म्हणाले, 'अगं, मिळतंय तर घे, सर्टिफिकेट मिळेल.' मुलाला विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं.' माझ्या निवेदनाचा कागद त्याच्याच बॅगेत राहिला होता. तो पुढे कुणाला दिला गेला नाही. म्हणून सांगते, निवेदनाची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, जाऊन स्वतः द्या, आणि सही करणाऱ्याला विचारा की नेमणूक मिळाली तर तू घेणार का. तेही लेखी. हसतील, हसू द्या.

महिनाभराने फ्लेक्सच्या दुकानातून फोन आला. 'ताई, वाढदिवसाच्या फ्लेक्सचं बिल बाकी आहे, दादांनी तुमचा नंबर दिलाय.' मी दिलं नाही.

एक गोष्ट आम्हाला सुचायला हवी होती असं लोक आता म्हणतात, ती म्हणजे कोर्ट. विशीतल्या पोरांकडे वकिलाचे पैसे कुठून येणार, हे ते सांगत नाहीत. पण 2024 मध्ये मी ते घडताना बघितलं. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा जण निवडून जातात. ती निवडणूक 2023च्या ऑगस्टमध्ये रातोरात थांबवली होती, मतदार यादीच्या तक्रारी म्हणून. नव्या यादीसाठी आम्ही पुन्हा अर्ज भरले. मग 22 सप्टेंबर 2024, रविवार, मतदान ठरलं. शुक्रवारी रात्री पुन्हा स्थगिती. या वेळी मात्र उमेदवार थेट उच्च न्यायालयात गेले, शनिवारी सुनावणी झाली आणि 24 तारखेला मतदान झालं. दहाच्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या, 2018 सारख्याच. कोण जिंकलं याच्याशी मला देणंघेणं नाही. स्थगिती उठू शकते, हे मी प्रथमच पाहिलं. त्याच आठवड्यात दिल्लीत उलटं झालं. दिल्ली विद्यापीठात मतदान होऊ दिलं, पण भिंती पोस्टरांनी विद्रूप केल्या म्हणून उच्च न्यायालयाने मोजणी अडवली; निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. निदान त्यांना मोजायला मतं तरी होती.

तेव्हा पदवी हातात पडली की पदवीधर मतदार म्हणून नोंदणीचा अर्ज भरा. जुन्या यादीत नाव होतं, यावर विसंबू नका. कॉलेजात असाल तर तारीख, अधिसूचना आणि परिपत्रकाचा क्रमांक कागदावर बघितल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका, आणि स्थगिती आलीच तर पहिल्या दिवशी इतर कॉलेजांतल्या उमेदवारांना एकत्र करा. आम्ही प्रत्येक जण आपापल्या कॉलेजात एकटे चरफडत बसलो.

तो मुलगा आता साहेबांच्या फ्लेक्सवर वरच्या रांगेत असतो. नावाखाली लिहिलेलं असतं, 'माजी अध्यक्ष, विद्यार्थी परिषद'. कायद्याप्रमाणे परिषदेचा अध्यक्ष मतदानाने होतो, आणि ते मतदान आमच्या कॉलेजात आजवर झालेलं नाही.