संकेतस्थळ उघडत नाहीं तेव्हां : दोष शोधण्याची रीत

हल्लीं शेतकऱ्याच्या घरांत नांगर-वखराच्या जोडीला मोबाइल हेंही एक औत होऊन बसलें आहे. सातबारा पाहणें, आठ-अ काढणें, पीक विम्याचा अर्ज भरणें, बाजारभाव पाहणें, हीं सर्व कामें आतां संकेतस्थळांवर होतात. ई-पीक पाहणी तर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद करण्याचें काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातीं आलें. औत मोडलें तर तें कोठें मोडलें हें शेतकऱ्यास डोळ्यांनीं दिसतें. पान उघडलें नाहीं तर मात्र तो केवळ ‘साइट बंद आहे’ इतकेंच म्हणतो आणि उठून जातो. ह्या तीन शब्दांनीं किती नुकसान होतें, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. म्हणून हा लेख.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आषाढ महिना होता आणि विम्याच्या अर्जाची मुदत संपावयास चार दिवस उरले होते. सायंकाळीं गांवांतील दोन कास्तकार आमच्या ओट्यावर आले. दोघांच्याही मोबाइलांत एकच पान उघडत नव्हतें. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केलेली, तेव्हां असल्या कामांत लोक आमचा सल्ला घेतात. आम्हीं एकाचा मोबाइल पाहिला, दुसऱ्याचा पाहिलाच नाहीं, आणि सांगून टाकलें, “साइट बंद आहे, चार दिवसांनीं बघा.” कचेरींत ‘उद्यां या’ म्हणण्याची जी संवय जडली होती, तिचेंच हें फळ होय.

वास्तविक पहिल्याच्या मोबाइलांत ५०३ हा आकडा दिसत होता, म्हणजे पलीकडे गर्दी झाली होती. त्याच रात्रीं तें पान पुन्हां उघडूं लागलें. पण त्यानें तोंपर्यंत मोबाइलांतच दोष आहे असें समजून तो मुळापासून पुसून काढला होता. त्यांत त्याचे नंबर आणि हिशेबाच्या नोंदी गेल्या. दुसऱ्याच्या मोबाइलांत कुलपाचें चिन्ह आणि घड्याळाविषयींची सूचना होती. दुकानांत बॅटरी बदलतांना त्याची तारीख मागें गेली होती. ती दुरुस्त करण्यास एक मिनिट पुरलें असतें. तो आमच्या शब्दावर चार दिवस थांबला आणि मुदत गेली. पुढें दिवाळीच्या सुमारास अवकाळी पावसानें त्याचा वेंचणीस आलेला कापूस भिजला आणि भरपाई मागण्यास त्याच्याजवळ कागद नव्हता. लक्षण एक आणि रोग दोन, हें आम्हीं ओळखलें नाहीं. ती चूक आमची होती.

आतां दोष कसा शोधावा तें पाहूं. पांझरा नदीवरील फड पद्धत आमच्या धुळें-साक्रीकडील वाचकांस परिचित आहे. बंधाऱ्यांतून पाट, पाटांतून चारी आणि चारींतून शेत, असा पाण्याचा मार्ग असतो. शेतांत पाणी आलें नाहीं म्हणून शहाणा पाटकरी एकदम बंधाऱ्याकडे धांवत नाहीं, आणि शेताचा बांधही फोडीत नाहीं. तो शेताच्या तोंडापासून आरंभ करून एकेक टप्पा पाहत वर जातो. जेथपर्यंत पाणी दिसतें तेथपर्यंत मार्ग शुद्ध, जेथें तें दिसेनासें होतें तेथें दोष. संकेतस्थळाचेंही असेंच आहे. तें दूरच्या एका मोठ्या संगणकावर ठेवलेलें असतें. त्यास सर्व्हर म्हणतात. तो आपला बंधारा. तेथून माहिती कंपनीच्या तारांतून आणि मनोऱ्यावरून आपल्या मोबाइलापर्यंत येते.

(१) प्रथम संदेश वाचावा. पान उघडत नाहीं तेव्हां पडद्यावर कांहीं तरी लिहून येतें. बहुतेक लोक तें न वाचतां पुसून टाकतात. कचेरींत अर्ज परत आला तर आपण त्यावरील शेरा वाचतों. तसाच हा शेरा आहे. तो इंग्रजींत असेल तर त्याचें छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून ठेवावें आणि शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावें. पुढील सर्व शोध ह्या शेऱ्यावर अवलंबून आहे.

(२) मग शेत तपासावें, म्हणजे स्वतःचा मोबाइल. विमानाचें चिन्ह चालू नाहीं ना, डेटा चालू आहे ना, रिचार्ज संपला नाहीं ना, तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हें पाहावें. तारीख व वेळ आपोआप घेण्याची सोय चालू ठेवणें उत्तम. त्यानंतर दुसरें एखादें संकेतस्थळ उघडून पाहावें. येथें एक फसगत होते, ती सांगणें अवश्य आहे. पूर्वीं पाहिलेलें पान मोबाइल आपल्या सांठ्यांतून दाखवूं शकतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील जुने निरोप इंटरनेट नसतांही दिसतात. म्हणून ‘दुसरें सर्व चालतें’ असें म्हणण्यापूर्वीं कधींही न पाहिलेलें एखादें पान उघडावें. तेंही उघडलें नाहीं तर दोष अलीकडे आहे. तें उघडलें आणि आपलें पान तेवढें उघडलें नाहीं, तर पुढें चालावें.

(३) नंतर चारी, म्हणजे गांवांतील जोडणी. विमानाचें चिन्ह दहा सेकंद चालू करून बंद करावें. त्यायोगें मोबाइल मनोऱ्याशीं नव्यानें जोडला जातो. घरीं वायफाय असेल तर तें बंद करून डेटावर पाहावें, अथवा उलट करावें. दुसऱ्या कंपनीचें सिम असलेल्या शेजाऱ्याच्या मोबाइलांत तेंच पान उघडत असेल, तर दोष आपल्या मोबाइलांत किंवा आपल्या कंपनीच्या जोडणींत आहे असें समजावें. सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या शिरपूर, चोपडें, यावल, रावेर ह्या तालुक्यांतील डोंगराकडच्या वस्तींत मनोऱ्याची ओढ मुळांतच कमी पडते. तेथें गच्चीवर किंवा उंचवट्यावर जाऊन पाहिल्यानेंही काम होतें. दिवसाचा ठरलेला डेटा संपला तर अनेक योजनांत जोडणी तुटत नाहीं, पण वेग इतका उतरतो कीं मोठें पान उघडतच नाहीं. हाही एक नेहमींचा दोष आहे.

(४) चौथा टप्पा नांवाचा. आम्ही महसुली माणसें हा टप्पा लवकर समजतों. खातेदाराचें नांव ठाऊक असलें तरी जमीन गट नंबरावरूनच सांपडते. नांवावरून नंबर काढण्यास खातेपुस्तक लागतें. इंटरनेटवरही प्रत्येक संगणकास नंबर असतो, आणि नांवावरून नंबर सांगणारें जगाचें एक खातेपुस्तक आहे. त्यास डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस ह्या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ सालीं त्याची योजना मांडली. ‘सर्व्हरचा पत्ता सांपडत नाहीं’ अशा अर्थाचा शेरा आला, तर ह्या खातेपुस्तकांत नोंद मिळाली नाहीं असें समजावें. अशा वेळीं प्रथम आपण पत्ता टंकतांना एखादें अक्षर चुकलों काय तें पाहावें. दहांपैकीं बऱ्याच वेळां दोष तेथेंच सांपडतो. मोबाइलाच्या सेटिंगांत ‘प्रायव्हेट डीएनएस’ म्हणून एक जागा असते. कोणी जाणत्या-अजाणत्या हातानें ती बदलली असेल, तर ती पुन्हां ‘ऑटोमॅटिक’ वर ठेवावी.

(५) पांचवा टप्पा कुलपाचा. चांगलें संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यास एक दाखला दाखवितें, आणि त्या दाखल्यास मुदत असते. आपल्या मोबाइलाची तारीख चुकली असेल तर खरा दाखलाही मुदतीबाहेरचा वाटतो आणि ‘आपली जोडणी सुरक्षित नाहीं’ असा शेरा येतो. आमच्या दुसऱ्या कास्तकाराचें नेमकें हेंच झालें होतें. तारीख बरोबर असूनही हा शेरा आला, तर दाखल्यांत खरोखरच गडबड असण्याचा संभव आहे. तेव्हां ‘तरीही पुढें जा’ हें बटण दाबून आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक किंवा ओटीपी तेथें कदापि देऊं नये.

(६) शेवटीं बंधारा. ४०४, ५००, ५०२, ५०३, ५०४ असे आकडे दिसले तर घाबरूं नये. उलट एक समाधान मानावें. हा आकडा पलीकडून आलेला असतो. म्हणजे आपली मागणी तेथवर पोहोंचली. आपला मोबाइल आणि आपली जोडणी दोन्ही ठीक आहेत. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर तें पान नाहीं. तेव्हां जुना जपून ठेवलेला दुवा सोडून मुख्य पानापासून आरंभ करावा. ४०३ म्हणजे मनाई. व्हीपीएन चालू असेल तर तें बंद करावें. कांहीं सरकारी संकेतस्थळें परदेशांतून आलेली मागणी स्वीकारीत नाहींत, म्हणून बाहेरदेशीं गेलेल्या मुलाकडून उतारा निघाला नाहीं तर त्यास दोष देऊं नये. पांचानें आरंभ होणारे आकडे म्हणजे दोष त्यांच्या बाजूस आहे. तेथें मोबाइल पुसून, सिम काढून किंवा नवा मोबाइल घेऊन तिळमात्र उपयोग नाहीं. थोडा वेळ थांबावें आणि पहांटे किंवा रात्रीं उशिरां, गर्दी कमी असतां, पुन्हां पाहावें. वारंवार बटण दाबल्यानें गर्दींत भरच पडते.

बंधाराच फुटूं शकतो, ह्याचें मोठें उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ चें आहे. त्या दिवशीं आपल्याकडील रात्रीं नवाच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर बंद पडलीं, तीं सुमारें सहा तास बंदच होतीं. कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यांत दुरुस्ती चालू असतां एका चुकीच्या आज्ञेनें त्यांचे संगणक एकमेकांपासून तुटले, आणि वर सांगितलेल्या खातेपुस्तकांतील त्यांच्या नोंदींपर्यंत पोहोंचण्याचा मार्गच नाहींसा झाला. त्या रात्रीं कित्येकांनीं आपला मोबाइल पुन्हां पुन्हां बंद-चालू केला असेल. त्याचा उपयोग होणें शक्यच नव्हतें.

(७) पान उघडतें पण काम होत नाहीं, असाही एक प्रकार आहे. पान पांढरें राहतें, गांवांची यादी येत नाहीं, किंवा बटण दाबूनही उतारा दिसत नाहीं. अशा वेळीं ब्राउझराच्या सांठ्यांतील जुनी नक्कल, म्हणजे कॅश, पुसावी, किंवा ‘इन्कॉग्निटो’ खिडकींत तेंच पान उघडून पाहावें. दुसरा ब्राउझरही वापरून पाहावा. कांहीं संकेतस्थळें उतारा नव्या खिडकींत दाखवितात आणि ब्राउझर ती खिडकी जाहिरात समजून अडवितो. तेव्हां ‘पॉप-अप’ ला परवानगी द्यावी. संकेतस्थळानें महसूल विभाग विचारला तर तो नीट पाहून निवडावा. जळगांव, धुळें आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागांत आहेत. विभाग चुकला तर जिल्हाच यादींत येणार नाहीं, आणि तो संकेतस्थळाचा दोष नव्हे.

आतां सावधगिरीच्या दोन गोष्टी. खरें पान उघडत नसतें तेव्हांच माणूस खोट्या पानाच्या जाळ्यांत सांपडतो. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ ह्या अक्षरांनीं संपतो. तीं अक्षरें शेवटींच आहेत ना, हें पाहावें. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी ‘ह्या फाइलीनें अर्ज लगेच भरला जाईल’ म्हणून कांहीं पाठविलें तर तें उघडूं नये.

दुसरी गोष्ट मुदतीची. शेत, चारी, नांव आणि कुलूप हे टप्पे पुष्कळ अंशीं आपल्या हातांत आहेत. बंधारा आपल्या हातांत नाहीं. म्हणून शेवटच्या दिवसावर विसंबणें म्हणजे आपलें काम दुसऱ्याच्या हातीं देणें होय. खरिपाच्या विम्याची मुदत बहुधा जुलैअखेरच्या सुमारास असते. अर्ज जुलैच्या पहिल्या पंधरवड्यांतच उरकावा. सातबारा आणि आठ-अ यांच्या नकला लागण्यापूर्वींच काढून ठेवाव्या. पान उघडलें नाहीं तर दिवस व वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जपावा. पुढें तक्रार करावी लागली तर तोच आपला पुरावा. आणि मुदत जवळ असेल तर मोबाइलावर हटून न बसतां आपले सरकार सेवा केंद्र गांठावें, किंवा तलाठ्यास, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, भेटावें.

आमच्या त्या शेजाऱ्यानें आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं. पण तेव्हांपासून कोणी मोबाइल घेऊन ओट्यावर आला कीं आम्ही चष्मा लावून प्रथम शेरा वाचतों, मग तारीख पाहतों, आणि त्यानंतरच तोंड उघडतों. आमच्या शेतकरी बंधूंनींही ‘साइट बंद आहे’ हे शब्द उच्चारण्यापूर्वीं एवढें करावें, आणि गांवांतील ज्यास हें समजतें त्यानें ज्यास समजत नाहीं त्यास तें दाखवावें, अशी आमची विनंती आहे.