परिवीक्षेवरील माणूस आणि त्याचा मोबाइल

न्यायालयाने तुरुंगात न धाडता सुधारण्याची संधी दिलेल्या माणसाच्या हाती मोबाइल असू द्यावा काय? प्रश्न लहान दिसतो. पण त्यावर एखाद्या घराची भाकरी अवलंबून असते. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करू.

आधी कायदा पाहू. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे न्यायालय फार तर ३ वर्षांचे बंधपत्र घेते आणि जरूर तर किमान १ वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवते. राहण्याचे ठिकाण, मद्यवर्जन व इतर बाबी यांविषयी अटी घालता येतात. त्या काळी संगणक कोणाच्या घरी नव्हता. तरी 'इतर बाबी'त आजचे इंटरनेटही येते. मात्र हेतू कायद्यानेच सांगितला आहे : पुन्हा गुन्हा घडू नये. या हेतूशी संबंध नसलेली अट ही देखरेख नव्हे.

सुरतेचेच उदाहरण घेऊ. समजा, लिंबायतच्या एका तरुणाने लोभापायी आपले बँकखाते ठकांना वापरू दिले. त्याचा मोबाइलच बंद केला, तर कापडबाजारातील ऑर्डरी व पैशांची देवघेव त्याने कशी करावी? कलम १४ तर अधिकाऱ्यास काम मिळवून देण्याचा प्रयत्न करावयास सांगते! त्यापेक्षा नवे खाते किंवा सिमकार्ड कळविल्यावाचून घेऊ नये, खात्याचा उतारा दरमहा दाखवावा, एवढी अट पुरे. दोष जेथे, पहारा तेथे.

पहाऱ्यालाही मर्यादा आहे. जामिनावरील माणसाच्या हालचालींवर पोलिसांची सतत नजर राहील अशी अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी ठरविले. तो निकाल जामिनाचा. बोध इकडेही घेण्याजोगा आहे. उलट बाजूही ध्यानी घ्यावी. लाजपोर कारागृहातील एका बंद्याची संचित रजा २०२१ साली त्याच न्यायालयाने नाकारली, तेव्हा त्याने तुरुंगात बेकायदा मोबाइल बाळगल्याची बाबही विचारात घेतली होती. विश्वास मागणाऱ्याने विश्वास राखला पाहिजे.

राहिले आपले कर्तव्य. अशा मुलाचा मोबाइल हिसकावून पेटीत ठेवणे सोपे, आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी बसून, "बाबा, कोणाशी व्यवहार केलास?" असे मायेने विचारणे कठीण. परंतु अधिकारी महिन्याकाठी भेटतो, घर रोज भेटते. हे कठीण काम आपण पत्करले, तर तो तरुण पुन्हा माणसांत येईल, असे आम्हांस वाटते.