बक्षिसाच्या उंबरठ्यावर थोड्या चिप्स

प्रश्न : पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत पोकर स्पर्धा खेळलो. आणखी दोघे बाद झाले की बक्षीस पक्कं, आणि माझ्याकडे ८ बिग ब्लाइंड. अशा वेळी थांबावं की भिडावं?
— एक वाचक, धर्माबाद

उत्तर : अडीच ब्लाइंडची रेज करून मग पत्ते टाकलेत, तर जवळपास एक तृतीयांश चिप्स हकनाक जातात. म्हणून ऑल-इन, नाहीतर फोल्ड. तुम्ही बटणावर, पुढच्यांनी पत्ते टाकलेले, दोन्ही ब्लाइंडवर मध्यम चिप्सवाले असतील, तर एक्का-सत्तीवरही भिडा. बाद व्हायची धास्ती त्यांनाही असते. चिप्सचा ढीग असलेल्यासमोर मात्र जपून. दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करायला मोठी जोडीच हवी. शेजारच्या टेबलावर कुणी २ ब्लाइंडवर तगून असेल, तर थांबाच. पैसे लावून ऑनलाइन पोकर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंद आहे. सरावासाठीही त्या वाटेला जाऊ नका.