फटींचा पत्रा आणि ताऱ्यांची साक्ष

दूरच्या दीर्घिकेचे छायाचित्र पाहिले की तिचा आकार कळतो. परंतु ती किती दूर आहे, किती वेगाने जात आहे आणि तिच्यात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे तिच्या प्रकाशाचा वर्णपट काढल्यावरच खात्रीने सांगता येते. त्यासाठी तो प्रकाश एका अरुंद फटीतून न्यावा लागतो, म्हणजे आजूबाजूच्या आकाशाचा उजेड अडतो. मंद दीर्घिकेचा पुरेसा प्रकाश जमण्यास तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. एका वेळी एकच दीर्घिका घेतली, तर हजारो दीर्घिकांचा अभ्यास एका आयुष्यात पुरा होणार नाही. या अडचणीवर खगोलशास्त्रज्ञांनी काढलेला उपाय म्हणजे फटींचा पत्रा. अचूकता कशी मिळवली जाते, हे शिकवणारा हा धडा विज्ञानाच्या विद्यार्थ्याइतकाच इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही उपयुक्त आहे.

हवाई बेटावरील मौना केआ पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,145 मीटर उंचीवर, केक वेधशाळेच्या दोन दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा आरसा 10 मीटर व्यासाचा असून तो 36 षटकोनी तुकड्यांचा बनलेला आहे. त्यांपैकी दुसऱ्या दुर्बिणीवर 2002 पासून 'डीमॉस' नावाचे वर्णपटलेखक यंत्र कार्यरत आहे. सँड्रा फेबर यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले. या यंत्रात अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवतात आणि निवडलेल्या प्रत्येक दीर्घिकेसाठी त्यात एक फट कापलेली असते. एका पत्र्यावर शंभराहून अधिक फटी असू शकतात. 'डीप-2' या सर्वेक्षणात याच पद्धतीने सुमारे 50,000 दीर्घिकांचे वर्णपट घेतले गेले. त्यांतील अनेकींचा प्रकाश 700 ते 800 कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता.

आता मापे पाहू. एका अंशाच्या 60 कला होतात आणि एका कलेच्या 60 विकला. केक दुर्बिणीच्या नाभीपाशी आकाशातील 1 विकला म्हणजे पत्र्यावरील सुमारे 0.73 मिलिमीटर. फट साधारण पाऊण विकला रुंद, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. पत्रा मात्र आकाशाची 16 कलांहून अधिक लांब पट्टी व्यापतो. तो अंशाच्या केवळ दहाव्या भागाने तिरपा राहिला, तर मध्यापासून 8 कला दूर असलेली फट 0.84 विकला सरकते, म्हणजे आपल्या रुंदीपेक्षाही जास्त! तेथील दीर्घिकेचा बहुतेक प्रकाश पत्र्यावरच अडतो. मोठ्या दुर्बिणीवर रात्री मोजक्याच मिळतात. चुकीच्या जुळणीने गेलेला तास पुन्हा मिळेलच असे नाही.

दीर्घिका इतक्या मंद असतात की त्यांच्याकडे पाहून पत्रा जुळवता येत नाही. म्हणून जुळणीचे काम ताऱ्यांवर सोपवलेले असते. त्यांचे दोन प्रकार आहेत. मार्गदर्शक तारा वेगळ्या कॅमेऱ्यात सतत दिसत राहतो. पृथ्वी फिरत असताना दुर्बीण त्याच्यावर नजर ठेवून आपली दिशा सांभाळते. जुळणीच्या ताऱ्यांसाठी पत्र्यातच सुमारे 4 विकला लांबी-रुंदीच्या चौकोनी खिडक्या कापलेल्या असतात. पत्र्याचा आराखडा करणारे सॉफ्टवेअर आधीच दीर्घिका, तारे आणि फटी यांची जागा ठरवून देते. रात्री पत्र्यामधून आकाशाचे छायाचित्र घेतले जाते. दुसरे सॉफ्टवेअर प्रत्येक खिडकीतील ताऱ्याचा मध्य शोधते, तो अपेक्षित जागेपासून किती दूर आहे हे मोजते आणि दुर्बीण किती सरकवावी व यंत्र किती फिरवावे हे सांगते. मग पुन्हा छायाचित्र, पुन्हा मोजणी. उरलेला फरक विकलेच्या दहाव्या भागाच्या आसपास आला की काम सुरू होते.

एकच तारा का पुरत नाही? एका ताऱ्यावरून पत्रा किती सरकला ते कळते, किती फिरला ते कळत नाही. दुसऱ्या ताऱ्याने फिरकी कळते. परंतु दोघांत मेळ बसला नाही तर चूक कोणाची, हे ठरवता येत नाही. तिसरा आणि चौथा तारा आला की उरलेल्यांशी न जुळणारा साक्षीदार उघडा पडतो. त्याला वगळून उर्वरितांवरून जुळणी करता येते.

साक्षीदार खोटा का ठरतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाला लगेच उमगेल. 1718 मध्ये एडमंड हॅली यांनी प्राचीन ग्रीकांच्या नोंदींशी तुलना करून व्याध, स्वाती आणि रोहिणी हे तारे जागचे हलले आहेत, असे दाखवले. ताऱ्यांना स्वतःची गती असते. दरवर्षी अवघी 0.02 विकला सरकणारा ताराही 50 वर्षांत पूर्ण 1 विकला सरकतो. म्हणून जुन्या सूचीतील स्थान त्या सूचीच्या वर्षासह वाचावे लागते. डिसेंबर 2013 मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'गाया' उपग्रहाने ताऱ्यांच्या स्थानांबरोबर त्यांच्या गतीही मोजल्याने हे काम सुकर झाले. दुसरा धोका असा की दीर्घिकांची स्थाने एका छायाचित्रावरून आणि ताऱ्यांची दुसऱ्या सूचीवरून घेतली, तर दोन मोजणींतील फरक जुळणीत शिरतो. एका कागदावर शक आणि दुसऱ्यावर इसवी सन असावा, तसे ते होते. दोन्ही एकाच मोजणीत आणल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पुण्याच्या आयुका संस्थेचा सहभाग असलेल्या दक्षिण आफ्रिकेतील 'सॉल्ट' दुर्बिणीवरही फटींचे पत्रे वापरले जातात. तेथे ते कार्बन तंतूंच्या पत्र्यातून लेझरने कापतात.

हे तत्त्व वर्गातही दाखवता येईल. कागदावर पेन्सिलीचे 30 बारीक आणि शाईचे 4 ठळक ठिपके काढावेत. खाली पुठ्ठा ठेवून सर्व ठिपके टाचणीने टोचून घ्यावेत. मग पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या ठिपक्यांच्या जागी फटी आणि शाईच्या ठिपक्यांच्या जागी चौकोनी खिडक्या कापाव्यात. विद्यार्थ्याने केवळ खिडक्यांकडे पाहून पुठ्ठा कागदावर जुळवावा; प्रथम एक खिडकी उघडी ठेवून, नंतर दोन, नंतर चारही. शेवटी शिक्षकांनी त्याच्या नकळत शाईचा एक ठिपका खोडून 2 मिलिमीटर बाजूला काढावा. कोणता ठिपका हलला, हे विद्यार्थ्याने अंदाजाने सांगू नये. पट्टीने मोजून सिद्ध करावे.