सकाळचा व्यायाम: उपाशीपोटी की थोडे खाऊन?

व्यायाम नेहमी उपाशीपोटीच करावा, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. भरल्या पोटी धावले की पोटात कळ येते, करपट ढेकर येतात, मळमळते. कारण पचनासाठी लागणारे रक्त त्या वेळी हातापायांच्या स्नायूंकडे वळते. मात्र ‘भरल्या पोटी नको’ याचा अर्थ ‘रिकाम्या पोटीच हवा’ असा होत नाही. ज्या स्त्रिया रोज पहाटे भरभर चालतात, धावतात किंवा भरतीची तयारी करतात, त्यांनी हा फरक समजून घेतला पाहिजे.

दवाखान्यात नेहमी दिसणारे एक उदाहरण घेऊ. पोलीस भरतीची तयारी करणारी विशीतील मुलगी. रात्री आठला जेवते, पहाटे पाचला मैदानावर हजर. ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे, गोळाफेक असा तास-दीड तास सराव. शेवटच्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय थरथरतात. घरचे म्हणतात, “दम कमी आहे, आणखी धाव.” पुष्कळदा तिला दम कमी पडत नसतो, इंधन कमी पडत असते.

रात्रीत काय होते?

आपल्या यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. आपण झोपेत असतानाही मेंदूला साखर लागतेच आणि ती या साठ्यातून पुरवली जाते. त्यामुळे पहाटेपर्यंत हा साठा बराच खाली आलेला असतो. स्नायूंमधला साठा मात्र रात्रभर बहुतांशी शाबूत राहतो. म्हणूनच अर्धा तास साधे चालणे उपाशीपोटी सहज जमते आणि निरोगी स्त्रीला त्याने अपाय होत नाही. योगासनेही रिकाम्या पोटीच सोयीची. पण व्यायाम जोराचा असेल किंवा तासाच्या पुढे जाणारा असेल, तर आधी थोडे खाणे हिताचे ठरते.

“पण उपाशीपोटी चरबी जास्त जळते ना?”

व्यायाम चालू असताना चरबीचा वापर काहीसा जास्त होतो, हे खरे. पण शरीर हिशेब तासाचा नव्हे, दिवसाचा ठेवते. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० तरुणींचे दोन गट केले होते. आठवड्यातून तीन दिवस, एक-एक तास व्यायाम. एक गट उपाशीपोटी, दुसरा खाऊन. दोन्ही गटांचा आहार सारखाच कमी केलेला. चार आठवड्यांनंतर वजन आणि चरबीतील घट दोन्ही गटांत सारखीच दिसली. प्रयोग लहान होता, पण केवळ वजनासाठी उपाशी धावण्याची गरज नाही एवढे त्यातून कळते.

खरा धोका व्यायामानंतर

आपल्याकडची खरी अडचण पुढे आहे. बाई फिरून सातला घरी येते. मग मुलांचे डबे, सासूबाईंचा चहा, यजमानांचा नाश्ता. स्वतःच्या तोंडात घास पडेपर्यंत दहा वाजतात. रात्री आठचे जेवण धरले तर चौदा तासांचा उपवास झाला, आणि त्यात तासाभराचा व्यायाम! मध्ये फक्त चहा.

हे रोजच घडले आणि दिवसभराचे खाणेही अपुरे राहिले, तर शरीर काटकसर सुरू करते. पाळी लांबते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात, पायाच्या हाडाला बारीक चीर पडू शकते, सतत थकवा राहतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याच धोक्याकडे खेळाडूंचे लक्ष वेधले. सराव वाढल्यावर तीन महिने पाळी आली नाही, तर ‘व्यायामाने असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

त्यातच रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये तो आढळला. थोड्या चालण्यानेही धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर नुसत्या केळ्याने काम भागणार नाही; उपचार हवेत.

काय खावे, केव्हा खावे?

• व्यायामापूर्वी अर्धा-पाऊण तास: एक लहान केळे, किंवा दोन-तीन खजूर, किंवा राजगिऱ्याचा लहान लाडू, किंवा अर्धी पोळी गुळाबरोबर. सोबत पेलाभर पाणी. तळलेले, तिखट नको.

• व्यायामानंतर तासाभरात पोटभर न्याहारी: शेंगदाणे घालून पोहे व वर लिंबू, मोड आलेल्या मटकीची उसळ, थालीपीठ-दही, अंडी, दूध, जे घरात असेल ते.

• चहा न्याहारीनंतर तासाभराने. जेवणाबरोबरचा चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही.

• उपवासाच्या दिवशी जोराचा सराव टाळावा, हलके चालावे.

यांनी विशेष काळजी घ्यावी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या स्त्रियांनी उपाशीपोटी जोराचा व्यायाम करू नये. व्यायामापूर्वी साखर ९० पेक्षा कमी दिसली तर आधी खावे, आणि जवळ नेहमी साखरेची पुडी ठेवावी. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर पाण्याशी घ्यावी व त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये. तेवढ्या वेळात हलके चालणे उरकता येते. भोवळ, छातीत दुखणे किंवा धडधड असे त्रास होत असतील, तर तपासणीशिवाय व्यायाम पुढे चालू ठेवू नये.

रात्री झोपण्यापूर्वी ओट्यावर एक केळे काढून ठेवावे, आणि व्यायामाहून परतल्यावर पहिले ताट स्वतःचे वाढून घ्यावे. यात आपमतलबीपणा नाही. घरचे सगळे ज्या बाईवर अवलंबून आहेत, तिने वेळेवर खाणे ही त्या घराचीच गरज आहे.