चकचकीत पितळेला जास्त पैसे मोजू नका

जुने ट्रेकिंगचे स्टोव्ह जमवायचे असतील, तर खिशातल्या पैशांचे आधीच दोन वाटे करा. एक स्टोव्हचा, दुसरा तो पेटता करण्याचा. नवखे लोक दुसरा वाटा विसरतात आणि विक्रेत्याने लिंबू-चिंचेने घासलेल्या पितळेवर भाळून पहिलाच वाटा दुप्पट खर्च करतात.

पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, पंपाचा पितळी स्टोव्ह अंदाजे हजार ते अडीच हजारांत मिळावा. मुंबईच्या चोर बाजारात घासाघीस जास्त करावी लागते. ‘साहेब, ओरिजिनल प्रायमस आहे’ हे ऐकून हरखू नका. आपल्याकडे पंपाच्या कुठल्याही स्टोव्हला प्रायमसच म्हणत. टाकीवरचा ठसा वाचा. स्टॉकहोमच्या लिंडक्विस्टने १८९२ च्या सुमारास बाजारात आणलेल्या या स्टोव्हवर १९११ पासून वर्षाचे इंग्रजी अक्षर ठोकलेले असे: ए म्हणजे १९११, बी म्हणजे १९१२. ऑप्टिमस, रेडियस आणि स्वेआ हीही स्वीडनचीच नावे. पत्र्याच्या डबीत घडी होऊन बसणारा छोटा ‘९६’ नंबर दिसला, तर डबी, पाय आणि जाळी सगळे आहे ना ते मोजा. डबी हरवलेल्या नगाला मी तरी निम्म्याहून जास्त देणार नाही.

आता खरी तपासणी. स्क्रू घट्ट बंद करून पंप मारा आणि टाकी बादलीत बुडवा. बुडबुडे झाकणाच्या वायसरमधून आले तर हरकत नाही. वायसर काही रुपयांचे काम आहे. पंपाचे कातडी वायसर वाळले असेल तर तेलात भिजवा, बहुधा जमून जाते. दांडा आपोआप वर येत असेल, तर पंपाच्या तळचा व्हॉल्व्ह गेलाय. बर्नरला, मिळाला तर, दोन-चारशे धरा. पण टाकीच्या सांध्यातून बुडबुडे आले किंवा तिथे कुणी झाळलेले दिसले, तर तो नग शोकेसचा. दाबाखालच्या टाकीत रॉकेल भरून तो पेटवायचा धोका घेऊ नका.

स्वेआ १२३ ची गोष्ट वेगळी. १९५५ पासूनचा हा अर्धा किलोचा स्टोव्ह. याला पंपच लागत नाही, स्वतःच्या उष्णतेने दाब धरतो. पण तो व्हाइट पेट्रोलवर चालतो; त्यात रॉकेल नको, आणि रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल तर कधीच नको. परदेशात वापरलेला स्वेआ साधारण साठ ते सव्वाशे डॉलरला जातो. टपाल आणि सीमाशुल्क धरले की आकडा बराच फुगतो. झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह किती जुना आहे, ते पैसे देण्याआधी विचारा.

पहिला स्टोव्ह रॉकेलचाच घ्यावा, असे माझे मत. रॉकेल हल्ली शोधावे लागते, पण दुरुस्ती करणारा जुना माणूस अजून भेटतो. भाचा-पुतण्या युरोपातून आणणार असेल, तर त्याला आधी विमान कंपनीची परवानगी घ्यायला सांगा. टाकीला इंधनाचा वास आला तर स्टोव्ह विमानतळावरच राहतो.